रात्रीचा पेशंट आधी कुठं न्यायचा? ग्रामीण रुग्णालयात की सरळ यवतमाळला?

झरीकर:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातला. आमच्या गावात कुणाला रात्री काही झालं की पहिला अर्धा तास वादातच जातो. एक म्हणतो ग्रामीण रुग्णालयात न्या. दुसरा म्हणतो तिथं रेफरच करतात, सरळ यवतमाळ गाठा. तिसऱ्याला नागपूरशिवाय पटत नाही. तोवर पेशंट खाटेवर तसाच.

शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली तेव्हाही हेच झालं. शेवटी ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं ईसीजी काढला, गोळी चावायला दिली, शिरेतून एक इंजेक्शन दिलं आणि चिठ्ठी लिहून पुढं पाठवलं. लोक म्हणाले, काही केलंच नाही, नुसतं रेफर केलं. पुढच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आमच्यानंतर आलेल्या पोराला आधी आत घेतलं, तिथंही आवाज चढले. काका आता बरे आहेत, वावरात जातात. पण मला समजून घ्यायचंय की ही यंत्रणा चालते कशी, कुणाला आधी बघायचं हे कोण ठरवतं, आणि मूळ प्रश्न, आधी न्यायचं कुठं? ज्यांनी हे आतून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_सिस्टर:
झरीकरभाऊ, बरं झालं विचारलंत. माझी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत.

आधी काकांबद्दल. 'काही केलंच नाही' असं लोक म्हणाले, पण त्यांचा मुख्य उपचार तिथंच झाला असावा. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरायला लागतो आणि रक्त परत सुरू होईपर्यंत मरतच राहतो. चावायला देतात ती बहुतेक ॲस्पिरिन, गुठळी वाढू नये म्हणून. शिरेतून देतात ते गुठळी विरघळवणारं, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज. ते पहिल्या १२ तासांत देता येतं, पण खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. अँजिओप्लास्टी, म्हणजे नळी घालून रक्तवाहिनी उघडणं, त्याहून चांगली, पण ती वर्ध्याजवळच्या सावंगी किंवा नागपूरसारख्या ठिकाणी. आपल्या भागातून तिथं पोचेपर्यंत तो वेळ निघून जातो. तुम्ही ग्रामीण रुग्णालय टाळून सरळ पुढं गेला असता तर तेच इंजेक्शन दीड-दोन तास उशिरा मिळालं असतं.

रेफर याचा अर्थ एवढाच की जे इथं होण्यासारखं होतं ते केलं, पुढचं जे लागतं, म्हणजे आयसीयू, सोनोग्राफी, सर्जन, रक्तपेढी, ते इथं नाही. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. त्याच्या खाली प्राथमिक आरोग्य केंद्र, वर उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज. प्रत्येक पायरीवर काय होतं आणि काय नाही हे गावात चार माणसांना तरी माहीत पाहिजे.

आता नंबराचं. कॅज्युअल्टीत आल्याचा क्रम धरत नाहीत. दारात पहिल्यांदा पाहणारी सिस्टर किंवा डॉक्टर चार गोष्टी बघतात: श्वास चालतोय का, नाडी आणि बीपी किती, शुद्ध आहे का, रक्त जातंय का. त्यावरून लाल, पिवळा, हिरवा असे गट पडतात. लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर जाईल. पिवळा म्हणजे गंभीर, पण थोडा वेळ आहे. हिरवा थांबू शकतो. याला ट्रायेज म्हणतात. काकांना इंजेक्शन मिळालेलं होतं, बीपी ठीक असणार, म्हणून ते पिवळ्यात गेले असतील. त्या पोराला काय झालं होतं ते तुम्हाला बाहेरून दिसलं नसेल.

एक गोष्ट नातेवाईकांना सांगून सांगून माझा घसा बसायचा. जो ओरडतोय तो निदान श्वास घेतोय. जो गप्प पडलाय, घामानं थंड झालाय, त्याच्याकडं आम्ही आधी धावतो.

कास्तकार_मारेगाव:
सिस्टर, तुमचं म्हणणं पटते, पण आमच्या इकडची गोष्ट येगळी हाये. आमी पेशंट नेला तवा एकच डॉक्टर ड्युटीवर, अन् तेबी डिलिव्हरीत अडकलेले. ईसीजीची मशीन होती तं कागद नव्हता. मंग मानूस काय करन? सरळ यवतमाळच गाठन ना. लोकाइले हौस नाई अंधारात एवढ्या लांब जायची.

निवृत्त_सिस्टर:
कास्तकारभाऊ, तुमचा राग खोटा नाही. एकट्या डॉक्टरवर पूर्ण दवाखाना असतो अशा रात्री मीही काढल्या आहेत. म्हणूनच निघायच्या आधी फोन करावा असं माझं म्हणणं आहे. ग्रामीण रुग्णालयाचा नंबर गावात दोन-तीन जणांकडं असावा. 'छातीत दुखणारा पेशंट आणतोय, डॉक्टर आहेत का, ईसीजी होईल का' एवढं विचारायचं. हो म्हणाले तर ते तयारीत राहतात. नाही म्हणाले तर तुमचा तास वाचला.

गाडीतला_डॉक्टर:
१०८ च्या गाडीवर काम करतो, म्हणून लिहितोय. दवाखान्याचा फोन लागो न लागो, १०८ ला आधी लावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. पेशंटकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टर असतो. गाड्या दोन प्रकारच्या आहेत. साध्या गाडीत ऑक्सिजन, सक्शन, पट्ट्या-फळ्या आणि तातडीची औषधं. मोठीत व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देण्याचं मशीनही. म्हणून फोनवर नेमकं सांगितलं तर योग्य गाडी निघते.

लोकांना माहीत नसतं की हा फोन पुण्यात उचलला जातो. तिथल्या माणसाला तुमचं गाव माहीत नाही. 'मारुतीच्या देवळापाशी या' यानं काही कळत नाही. जिल्हा, तालुका, गाव, मग कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या फाट्यावरून आत यायचं, या क्रमानं सांगा. एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यात असतात, त्यानं गाडी भलतीकडं गेल्याचं मी पाहिलंय. मग पेशंटचं वय, शुद्ध आहे का, श्वास कसा चाललाय, काय झालं, किती वाजता झालं. त्यानंतर फोन बंद करू नका आणि त्याच फोनवरून दहा नातेवाइकांना बोलू नका, कारण गाडीतून आम्ही त्याच नंबरला लावतो. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर ते आधीच सांगा, म्हणजे आम्ही दुसऱ्या बाजूनं येतो.

गाडी लांब असेल तर तसं स्पष्ट विचारा. कधी कधी तुम्ही जीपनं निघणं आणि आम्ही वाटेत गाठणं यात वेळ वाचतो. पण ते फोनवर ठरवून करा, नाहीतर तुम्ही एका रस्त्यानं आणि आम्ही दुसऱ्या.

आणखी एक. आमच्यावर नेहमी आरोप होतो की सांगितलेल्या दवाखान्यात नेत नाही. पेशंटला जे लागतं ते असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्यायचं हे आमचं काम आहे. वाटेत नाडी सुटली तर लांबचा मोठा दवाखाना काय कामाचा?

वर्धेची_मास्तरीण:
डॉक्टर, १०२ आणि १०८ यांत लोकांचा फार गोंधळ होतो. तेवढं सांगाल का?

गाडीतला_डॉक्टर:
१०२ मुख्यतः गरोदर बाया, बाळंतिणी आणि एक वर्षाच्या आतली आजारी बाळं यांच्यासाठी. घरून दवाखान्यात आणि परत घरी. ती गाडी बहुतेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्राची असते. बाळंतपणात रक्त जायला लागलं, झटके आले, तर मात्र १०८ लाच लावा. अपघात, मारामारी, आग असं पोलिसांचंही काम असेल तर ११२.

आशाताई_पोडावरची:
मी आशा आहे, आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड आहेत. पोडापर्यंत गाडी येत नाही. पावसाळ्यात खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागते. म्हणून बाईचे दिवस भरत आले की मी आधीच मागं लागते, आठवडाभर आधी जवळच्या नातेवाइकाकडे रस्त्यावरच्या गावात येऊन राहा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे, तिथं राहता येते. दुसरं, फोनवर मराठीत सांगायला जमत नाही म्हणून लोक फोनच करत नाहीत. कोणाला कोलामी येते, कोणाला तेलुगू. तर मी सांगून ठेवलं आहे, रात्री कधीही मला उठवा, मी बोलते. ही अडचण मोठी आहे आणि याच्यावर कोणी लिहीत नाही.

झरीकर:
ताई, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. आमच्या गावातही अर्धे लोक तेलुगू बोलतात, फोन कोण करणार हे आम्हीही ठरवून ठेवतो.

पैनगंगाकाठ:
साप चावला तर? आमच्याकडे मृगाच्या पावसानंतर दर वर्षी घडते. लोक आधी झाडफूकवाल्याकडे जातात, मग दवाखान्यात. दवाखान्यात गेले की सिस्टर काचेच्या नळीत रक्त घेते अन् ठेवून देते. लोक म्हणतात, इंजेक्शन सोडून हे काय चाललंय.

निवृत्त_सिस्टर:
ती नळीच सगळं सांगते. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. म्हणून कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग तिरपं करून पाहायचं. पातळच राहिलं असेल तर विष भिनलंय, विष उतरवणारी सापाची लस लगेच सुरू. गोठलं असेल तर थोड्या थोड्या वेळानं परत तपासायचं, कारण विष उशिराही चढतं. ती नळी कुणी उत्सुकतेनं उचलून हलवली तर तपासणी वाया जाते, म्हणून आम्ही ओरडतो. आणि बाकी लक्षणं दिसत असतील तर या तपासणीसाठी कुणी थांबत नाही.

लस सरसकट प्रत्येकाला देत नाहीत. ती घोड्याच्या रक्तापासून बनवतात, तिची जबरदस्त रिअॅक्शन येऊ शकते. बिनविषारी साप असेल किंवा विष सोडलंच नसेल तर ती देऊन उगाच धोका. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, म्हणून साप मारून आणायची गरज नाही. मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

मण्यारीचं वेगळं लिहिते, कारण तिथं माणसं फसतात. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. घरचे समजतात ॲसिडिटी झाली. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा मिटत असतील तर पळा, पुढं श्वास बंद पडतो. अशा पेशंटला लस देऊन पुढं पाठवतात तेव्हा गाडीत कुणीतरी फुग्यासारखी पिशवी दाबत श्वास देत बसतं, त्या माणसाचं लक्ष विचलित करू नका.

दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. हात-पाय फळी बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-जोडवी-कडी काढा, चालवू नका. गाडी नसेल तर मोटरसायकलवर मध्ये बसवून मागून एकानं धरून आणलं तरी चालेल. झाडफूकवाल्याकडं आधी जाऊन मग दवाखान्यात, असं नको. घरच्यांना अंगारा लावायचा असेल तर गाडीत लावा, गाडी थांबवू नका.

कास्तकार_मारेगाव:
अन् फवारणीची इषबाधा? २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारता-फवारता किती मानसं गेली, ते अजून इसरलो नाई.

गाडीतला_डॉक्टर:
त्या सालानंतर निदान लोक विषबाधा म्हटलं की घाबरून लवकर येतात. पण येताना तेच औषधात भिजलेले कपडे अंगावर असतात. विष कातडीतून जातच राहतं. कपडे उतरवा, साबण-पाण्यानं अंग, केस, नखं धुवा, मग गाडीत घाला. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी चढवावी. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, ते फुप्फुसात जाऊन दुसरंच संकट उभं राहतं. आणि डबा सोबत आणा. 'कीटकनाशक प्यायला' एवढ्यावरून उपचार ठरत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकावर ॲट्रोपिनचा उतारा चालतो, दुसऱ्या काहींवर त्याचा उपयोग नाही. लेबलवर घटकाचं नाव असतं, त्यानं डॉक्टरांचा वेळ वाचतो.

निवृत्त_सिस्टर:
यात एक भर. ॲट्रोपिन चढलं की पेशंट बडबडतो, नळ्या उपसतो, उठून पळतो. म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधावे लागतात. ते पाहून नातेवाईक आमच्यावर धावून यायचे, 'आमच्या माणसाला जनावरासारखं बांधलं' म्हणून. ते औषधामुळं होतं आणि उतरतं.

त्याहून महत्त्वाचं, दोन दिवसांनी पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो, आणि घरचे सही करून घेऊन जातात. असं करू नका. या विषात पहिल्या एक ते चार दिवसांत पुन्हा स्नायू लुळे पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नाही, ही पहिली खूण. त्यानंतर श्वास अडतो, तेव्हा व्हेंटिलेटर जवळ पाहिजे. बऱ्या झालेल्या, घरी नेलेल्या आणि परत आणताना वाटेत गेलेल्या माणसांची तोंडं अजून डोळ्यांपुढं आहेत. डॉक्टर सोडतील तेव्हाच न्या.

वर्धेची_मास्तरीण:
याच विषयात पोलिसांच्या भीतीबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्या भीतीनं माणसं मरतात. घरात कुणी औषध घेतलं की लोक सांगतात, 'चुकून पोटात गेलं', किंवा दवाखान्यातच नेत नाहीत, केस होईल म्हणून. विषबाधा, अपघात, भाजणं यांची नोंद डॉक्टरांना करावीच लागते, तिला एमएलसी म्हणतात. पण ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात म्हटलंय की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा, काय आणि किती वाजता. आणि तो माणूस बरा होऊन घरी आला की टोमणे मारू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, बोलायला माणूस मिळतो.

उपचार आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय, आणि ते खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. सरकारी दवाखान्यानं जागा नाही म्हणून तातडीच्या पेशंटला परत पाठवणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं १९९६ च्या निकालात आहे. रस्त्यावरचा जखमी उचलून आणणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीत तशी तरतूद आहे. आमच्या महामार्गावर लोक अपघात बघून गाडी पुढं काढतात, त्यांच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे.

पैनगंगाकाठ:
अन् पैशाचं? खासगीत नेलं की आधी डिपॉझिट मागतात.

वर्धेची_मास्तरीण:
राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथं केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. खासगीत नेणार असाल तर तो दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का हे आधी विचारा. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, त्याला भेटा. तातडीत कार्ड जवळ नसलं तरी भरती थांबत नाही, फोनवरून मंजुरी घेतात आणि कागद नंतर देता येतात. रेशनकार्ड शोधायला घरात थांबू नका, मागून कुणीतरी आणेल.

झरीकर:
सगळं वाचून माझ्या डोक्यात असं बसतंय की बहुतेक वेळा आधी जवळचा दवाखाना, तिथं जीव सावरला की पुढं. बरोबर का? की याला अपवाद आहेत?

निवृत्त_सिस्टर:
बरोबर. मोठा अपवाद म्हणजे लकवा. तोंड एकीकडं वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालं, तर सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच जा. गुठळी आहे की रक्तस्राव झालाय हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठला तेव्हा असं दिसलं तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. 'बीपी वाढलं असेल' म्हणून गावात गोळी देऊन थांबू नका. तरी वाटेत श्वास घरघरला, शुद्ध गेली, तर मध्येच जो दवाखाना लागेल तिथं थांबायचंच. कुशीवर वळवून न्या, पाणी पाजू नका.

गाडीतला_डॉक्टर:
लकव्याला १०८ लाच लावा, सीटी कुठं चालू आहे हे कंट्रोल रूमकडून विचारून घेता येतं. मशीन बंद असलेल्या ठिकाणी जाऊन परत फिरणं टळतं.

कास्तकार_मारेगाव:
सिस्टर, एक राह्यलं. रेफरची चिठ्ठी पुढच्या डॉक्टरनं पाह्यलीच नाई तं? आमचे कागद गर्दीत हरपले होते, अन् तिथं पह्यलेपासून सगळं इचारत बसले.

निवृत्त_सिस्टर:
निघायच्या आधी चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढा, ईसीजीचाही. चिठ्ठीत कोणतं औषध, किती आणि किती वाजता दिलं हे लिहिलेलं असतं. नसेल तर तिथंच लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. गुठळीचं इंजेक्शन किंवा सापाची लस दिलेली असेल तर पुढच्या दारात पहिलं वाक्य तेच बोला, नाव नंतर. पेशंटसोबत आत एकच माणूस जावा, ज्यानं सुरुवातीपासून पाहिलंय आणि ज्याला पेशंटच्या रोजच्या गोळ्या माहीत आहेत. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बाकीच्यांनी बाहेर थांबून रक्त लागलं तर कोण देणार ते ठरवावं.

आशाताई_पोडावरची:
सिस्टर, फोटोचं चांगलं सांगितलं. माझ्या फोनमध्ये पोडावरच्या सगळ्या गरोदर बायांच्या कार्डाचे फोटो आता काढून ठेवते, रक्तगट दिसेल असे.